नाव विचारण्याची नोकरी

नर्सबाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सुई येते. सुया मी पुष्कळ टोचल्या, बाळंतपणं केली, जखमा धुतल्या. पण निवृत्त झाल्यावर मागं वळून बघते तेव्हा वाटतं, सगळ्यात जास्त केलेलं काम म्हणजे समोरच्या माणसाला त्याचं नाव विचारणं. शेवटची काही वर्षं तर मला त्याच कामाचा पगार मिळत होता म्हटलं तरी चालेल.

आमच्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात हे काम वाटतं तितकं सोपं नाही. घरी जो अण्णाराव, तो कन्नड शाळेच्या दाखल्यावर अण्णप्पा आणि आधार कार्डावर अण्णाराया. बाईमाणसाचं तर विचारूच नका. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. नवऱ्याचं नाव विचारलं की पदराआडून हसणार आणि शेजारणीला कोपरानं ढोसणार, "तू सांग की गं!" आडनाव कुणी लावतं, कुणी गावाचं नाव लावतं, कुणी बापाचं. वय विचारलं तर, "लिवा की पन्नास." त्यात लिहून घेणारा कारकून कन्नड शाळेत शिकलेला, डॉक्टर इंग्रजीत लिहिणारे आणि मी मुडबी गावची, मराठीतून विचार करणारी.

आमचं हॉस्पिटल हुमनाबादकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं, एका ट्रस्टचं. कॉम्प्युटर यायच्या आधी पुठ्ठ्याच्या फायली असत. पेशंट परत आला की जुनी फाइल शोधायची, सापडली नाही की नवी करायची. नवी करणं सोपं, म्हणून बहुतेक वेळा तेच व्हायचं. त्यात काही बिघडतं असं कुणाला वाटत नव्हतं.

रुक्मिणीबाई आली तेव्हा ते कळलं.

मेंढरं राखणाऱ्या घरातली, धडधाकट बाई. पायात काटा मोडून पाय सुजला होता, म्हणून दाखल केली. इंजेक्शन द्यायच्या आधी ॲलर्जी विचारायची असते, तशी ड्यूटीवरच्या सिस्टरनं विचारली. सिस्टर कन्नड बोलणारी, तिनं मराठीत जमवून विचारलं, "औषधानं खाज येते का?" रुक्मिणीबाई म्हणाली, "न्हाई, खाज न्हाई येत." खरंच येत नव्हती. तिला पेनिसिलिननं तोंड सुजायचं आणि श्वास कोंडायचा. खाजेचं विचारलं, तिनं खाजेचं उत्तर दिलं.

इंजेक्शन गेलं आणि बाई बघता बघता निळी पडली. आमच्या अनिता मॅडम, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर, वॉर्डातच होत्या. त्यांनी धावत येऊन उताऱ्याचं औषध दिलं, नळी घातली, आणि बाई वाचली.

बाई शुद्धीवर आल्यावर तिचा नवरा मॅडमच्या खोलीत आला. काठी दाराला टेकवून उभा राहिला. ओरडला नाही की रागावला नाही.

"मॅडम, लग्नाआधी हिला हितंच आणलं होतं. तवाबी आसंच झालतं. तवा तुम्हीच लोकांनी सांगितलतं, ही सुई परत टोचायची न्हाई म्हणून. मग तुम्हाला कामून म्हाईत न्हाई?"

मॅडमनी मला फाइल शोधायला पाठवलं. ती सापडली, पण रुक्मिणीबाईच्या नावानं नव्हे. लग्नाआधी ती इठाबाई होती. फायलीवर इंग्रजीत 'व्ही'नं सुरू होणारं नाव, बापाचं नाव आणि आत लाल शाईत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, पेनिसिलिन देऊ नये. सूचना आमच्याच कपाटात होती आणि बाई आमच्याच खाटेवर. दोघींची गाठ पडली नव्हती एवढंच.

मॅडम त्या माणसाला म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. आम्हाला माहीत असायला पाहिजे होतं." मग ट्रस्टच्या बैठकीत त्यांनी हाच प्रश्न त्याच शब्दांत सांगितला, आणि कॉम्प्युटरचं काम मंजूर झालं. ते वॉर्डात उतरवायची जबाबदारी माझ्यावर आली. का, तर मला मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषा येतात आणि मी कुणाच्या रागावण्याला भीत नाही, असं मॅडमचं म्हणणं.

सॉफ्टवेअर बसवायला हैदराबादहून इम्रान आला. हुशार माणूस, पण पहिल्या आठवड्यातच डोकं धरून बसला. "अक्का, तुमारे यहाँ एकेक जने के कित्ते नामां रहते जी?"

मी म्हटलं, "जितकी नाती, तितकी नावं. तुला त्या सगळ्यांचा एक माणूस करायचाय."

तो त्यानं केला. प्रत्येक पेशंटला जन्मभराचा एक नंबर. त्या नंबराखाली माहेरचं नाव, सासरचं नाव, आईचं नाव, गाव आणि फोटो. शोधताना अक्षर चुकलं तरी उच्चार जवळचा असला की कॉम्प्युटर सगळी नावं पुढं मांडायचा. इठाबाई टाइप केलं की विठाबाईही दिसायची आणि विठ्ठाबाईही. मग फोटो बघून, आईचं नाव विचारून खात्री करायची. ॲलर्जीचा प्रश्नही आम्ही बदलला. "खाज येते का" काढून टाकलं आणि "कुठल्या औषधानं कधी जीव घाबरला, तोंड सुजलं, अंगावर उठलं, असं झालं होतं का?" असं मराठी, कन्नड आणि दखनीत पडद्यावरच लिहून ठेवलं.

दाखल झालेल्या माणसाच्या मनगटाला त्याच्या नंबराची पट्टी बांधायची, पट्टीवर उभ्या रेघांची खूण. औषध देताना त्या रेघा वाचणारं हातातलं यंत्र आधी पट्टीवर धरायचं, मग औषधावर. दोन्ही जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. आणि यंत्र काहीही म्हणो, पेशंटला तोंडानं नाव विचारायचंच. "तुम्ही रुक्मिणीबाई का?" असं विचारायचं नाही. तापातलं माणूस कशालाही हो म्हणतं. "तुमचं नाव काय?" असंच विचारायचं. एवढा साधा फरक अंगवळणी पडायला फार काळ गेला.

आता कुणाला वाटेल, यंत्र आलं आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. छे! एकदा इम्राननं मला कॉम्प्युटरवर दाखवलं की बायकांच्या वॉर्डातली सकाळची औषधं सगळ्या खाटांवर जवळजवळ एकाच वेळी दिली गेली आहेत. तो हसत म्हणाला, "अक्का, सिस्टरां उडते क्या?" मी वॉर्डात जाऊन बघितलं, तर टेबलाच्या कडेला सगळ्या पेशंटांच्या जादा पट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या! मुली टेबलाशीच बसून पट्ट्या वाचून घेत आणि मग औषधं वाटायला निघत. सगळा खेळच वाया.

राग आला, पण आधी कारण बघायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी औषधांची ढकलगाडी घेऊन मी स्वतः वाटप केलं. तेव्हा कळलं, यंत्राची वायर खिडकीकडच्या खाटांपर्यंत पोचतच नव्हती आणि भिंतीजवळ नेटवर्क गायब. मुलींनी आपल्या परीनं वाट काढली होती. इम्राननं बिनवायरची यंत्रं आणवली, भिंतीवर नेटवर्कची डबी बसवली. मग मी टेबलावरच्या पट्ट्या फाडून टाकल्या आणि कुणी परत चिकटवल्या नाहीत.

दुसरं भांडण आमच्या मोठ्या सरांशी. सर म्हणजे सर्जन, कलबुर्गीचे, हात सोन्याचा आणि तोंड फटकळ. कॉम्प्युटर सुरुवातीला प्रत्येक औषधाला काही ना काही इशारा द्यायचा. ह्याबरोबर ते नको, पोट बिघडेल, झोप येईल. सगळे न वाचता 'ठीक आहे' दाबायचे. एक दिवस सरांनी मला ऑपरेशन थिएटरच्या बाहेर गाठलं.

"अक्का, तुमचं यंत्र दिवसभर ओरडायलंय. खरंच आग लागली तर मला कसं कळायचं?"

मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा सर, कुठल्या वेळी ओरडायचं."

त्यांना वाटलं नव्हतं मी असं म्हणेन. पण ते बसले. अनिता मॅडम, सर आणि मी, दुपारचा चहा तिथंच मागवून कितीतरी दिवस बसलो. ज्यानं जीव जाईल तेवढेच इशारे लाल ठेवले, बाकीचे गप्प केले. त्यानंतर लाल दिसलं की सर हात थांबवायचे. पुढं तर नव्या डॉक्टरला तेच रागवायचे, "लाल दिसायलं न्हाई का तुला?"

आणि यंत्र चुकतं का? चुकतं. माझ्याच मुडबीचं एक लेकरू तापानं आलं होतं. वजन आठ पूर्णांक दोन किलो. टाइप करताना मधला ठिपका राहिला आणि लेकरू ब्याऐंशी किलोचं झालं. कॉम्प्युटरनं इमानदारीनं ब्याऐंशी किलोच्या माणसाचा डोस काढला. पट्टी जुळली, औषध जुळलं, सगळं हिरवं. महादेवी नावाची आमची तरुण सिस्टर शिरेतून द्यायच्या औषधाची बाटली हातात घेऊन माझ्याकडं आली.

"अक्का, एवढंसं लेकरू हाय. त्याला ही आख्खी बाटली लागंल काय?"

लेकरू आईच्या मांडीवर झोपलं होतं, बाटलीहून थोडंच मोठं. आम्ही वजनकाटा परत आणला. त्या संध्याकाळीच इम्रानला फोन करून वयाप्रमाणं वजनाची हद्द घालून घेतली. पण मला त्याहून मोठी वाटते ती महादेवीची नजर. हल्लीच्या मुली पेशंटच्या आधी पडद्याकडं बघतात, ह्याची मला खंत आहे, आणि ती सवय आम्हीच लावली. म्हणून मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी यंत्र देतच नसे. आधी पेशंटच्या तोंडाकडं बघा, नाव विचारा, कपाळाला हात लावा, मग यंत्र.

आता ती दुपार सांगते, जिच्यासाठी मला वाटतं ही सगळी उस्तवार केल्याचं सार्थक झालं.

औरादकडच्या चिंताकीचं लग्नाचं वऱ्हाड निर्ण्याला निघालं होतं. नवरी बरंच मागं राहिलेल्या जीपमध्ये आईबरोबर, पुरुषमंडळी पुढच्या टेम्पोत. वळणावर टेम्पो उलटला. आमचं हॉस्पिटल जवळ, म्हणून सगळे आमच्याकडं आले. बरेचजण चालत आले, पण काही बेशुद्ध होते. आणि लग्नाचे म्हणून एकाच ताग्यातून शिवलेले सदरे सगळ्यांच्या अंगात!

बेशुद्ध माणसांसाठी आमचा ठरलेला नियम होता. त्यांना झाडांची नावं द्यायची. अनोळखी एक, अनोळखी दोन म्हटलं की घाईत एकाचा दोन होतो. चिंच आणि कडुलिंब कुणी एक करत नाही. तर अनोळखी चिंच म्हणून एक तरुण आला, पोटात रक्तस्राव, नाडी लागत नव्हती. शेजारी अनोळखी कडुलिंब, त्याच्याच वयाचा, डोक्याला मार. दोघांची तोंडं सुजून एकसारखी झालेली.

तेवढ्यात नवरीचे मामा आले. स्वतःच्या कपाळावरून रक्त गळत होतं, तिकडं लक्ष नाही. चिंचेच्या खाटेपाशी येऊन रडायलाच लागले.

"ह्यो नागनाथ. माझा भाचा, नवरीचा भाऊ. आन् त्यो पलीकडचा शरणू, ह्याचा धाकटा भाऊ."

महादेवीनं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. नागनाथ सापडला. आमच्याच शिबिरात त्यानं रक्त दिलं होतं. गट बी पॉझिटिव्ह. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "जोडा त्याला. बी मागवा, वेळ नाही."

जोडायचं म्हणजे चिंचेची पट्टी काढून नागनाथची बांधायची. तसं केलं असतं तर कॉम्प्युटरनंच बी गटाच्या पिशव्या सोडल्या असत्या. आणि आमचा नियम असा, की बेशुद्ध माणसाचं नाव नुसतं कुणी सांगितलं म्हणून जोडायचं नाही. दुसरी खूण जुळली पाहिजे. फोटो लावून बघितला, सुजेमुळं काही कळेना.

अनिता मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "चिंच म्हणूनच ठेवा. ह्याच पट्टीच्या नंबरावर नमुना काढा. तोवर ओ निगेटिव्ह द्या."

ओ निगेटिव्ह म्हणजे कुणालाही चालणारं रक्त. पण ते आमच्याकडं थोडंच असायचं. पहिली पिशवी लागली. मामांना काय चाललंय ते कळलं आणि ते माझ्यावर धावून आले.

"माझा भाचा मरायलाय आन् तुम्ही कॉम्प्युटर बगत बसलाव! ह्या हातानं वाढवलाय त्याला. मी वळखत न्हाई व्हय?"

ह्याच खाटेवर माझा भाचा असता तर मीही असंच ओरडले असते. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "मामा, रक्त चालू हाय. थांबवलेलं न्हाई." ते हात झटकून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आणि मला सांगायला हरकत नाही, तेवढ्या वेळात माझ्याही मनात आलंच, की हा खरंच नागनाथ असला आणि आपल्या नियमापायी काही कमीजास्त झालं तर?

रक्तपेढीतून फोन आला. महादेवीनं उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

"अक्का, चिंचेचं ए पॉझिटिव्ह येतंय म्हणायलेत."

"परत काढ. दुसरा नमुना दे."

दुसराही ए. पलीकडच्या कडुलिंबाचा तपासला, तो बी.

मॅडमनी ए गटाच्या पिशव्या जुळवून मागवल्या आणि चिंचेला आत न्यायला स्ट्रेचरवर घेतलं. मोठे सर हात धुऊन तयारच होते. एवढ्यात मागची जीप पोचली आणि मुलांची आई आत आली. तिला दाराशीच धरून मी विचारलं, "अक्का, तुमच्या लेकरांच्या अंगावर काही खूण हाय का?"

ती सरळ चिंचेच्या स्ट्रेचरपाशी गेली आणि तोंडाकडं न बघता पायावरची चादर उचलली.

"ह्यो शरणू. ह्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढल्याली हाय, जन्मल्यापासून."

मामांनी ते ऐकलं आणि तिथंच फरशीवर बसले. ए गटाच्या पोराला बी गटाचं रक्त गेलं असतं तर काय झालं असतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. तेच म्हणाले, "मीच मारलं असतं की त्याला."

"न्हाई मामा," मी म्हटलं, "तुम्ही जे दिसलं ते सांगितलं. तपासणं आमचं काम हाय." आणि त्यांना कपाळाला टाके घालायला घेऊन गेले. नाव विचारलं, पट्टी बांधली. ह्या वेळी त्यांनी हात मुकाट्यानं पुढं केला.

शरणूची फाटलेली प्लीहा काढावी लागली, पण तो वाचला. नागनाथ तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला आणि पहिलं विचारलं, "लगीन झालं का?" त्या दिवशी ऑपरेशन संपल्यावर सर बाहेर येऊन मला म्हणाले होते, "अक्का, तुमची चिंच बरी हाय." एवढंच. पण त्या फटकळ माणसाच्या तोंडून ते ऐकताना जे वाटलं, ते मला कुठल्या सत्कारात मिळालं नाही.

लग्न पुढं ढकललं होतं ते दोन्ही भाऊ हिंडू-फिरू लागल्यावर झालं. मामा स्वतः आमंत्रण घेऊन आले, म्हणून महादेवी आणि मी निर्ण्याला गेलो. अक्षता पडल्या, मामा नवरीच्या पाठीशी ताठ उभे होते. नंतर माझा हात धरून त्यांनी मला सगळ्या पाहुण्यांमधून मिरवत नेलं आणि दोन्ही भाच्यांपुढं उभं केलं. सूज उतरलेली दोन तोंडं मी पहिल्यांदाच नीट बघत होते. दोघं तरीही सारखेच दिसत होते.

"अक्का," मामा मोठ्यानं म्हणाले, "ह्यो नागनाथ. आन् ह्यो शरणू."

आणि थांबले. मग बहिणीकडं वळून हळूच विचारलं, "बरोबर हाय न्हवं?"

सगळा मांडव हसला. आई हसली नाही. तिनं आधी वाकून शरणूच्या पायाकडं बघितलं, मग म्हणाली, "व्हय. बरोबर हाय."